डिप्लोमात घातलेला पैसा निघेल का?

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "मॅडम, पोराला इलेक्ट्रिकल डिप्लोमाला घालावं म्हणतोय, पण घातलेला पैसा निघंल का?" करिअर समुपदेशक म्हणून सांगलीत बसते, त्यामुळे पलूस, तासगाव, वाळवा इथली मंडळी जास्त. कुणी द्राक्षवाला, कुणी ऊसवाला. पुतण्या डिप्लोमा करून दहा हजारांवर राबतोय, हे उदाहरण प्रत्येकाच्या खिशात तयार असतं.

एका बाप-लेकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतका तपशील बदलला आहे. दीड एकर ऊस आणि कुपवाडच्या एमआयडीसीत पाळी, असे वडील. मुलगा, त्याला सागर म्हणू, सुट्टीत चुलत्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसायचा. बोटांच्या पेरांवर वार्निशचे तपकिरी डाग तसेच घेऊन आला होता. जळालेल्या मोटारीचं कॉइल काढून वेढे मोजायला त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"खाजगी कॉलेजवाल्यानं वर्षाला सत्तर हजार सांगितलं," वडील म्हणाले. "पतसंस्थेतनं काढावं लागंल. त्यापरीस आयटीआय काय वाईट?"

"तुला काय वाटतं रे?"

"दादा म्हणतील तसं."

असं उत्तर आलं की मी थांबते. परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दल मनात चाललेली बडबड माणसाला जास्त घाबरवते, या मताची मी आहे. ती बडबड बाहेर काढल्याशिवाय आकड्यांना हात लावण्यात अर्थ नसतो. मी दोघांना वेगवेगळे कागद दिले आणि म्हटलं, डिप्लोमाचा खर्च घरून लिहून आणा, एकमेकांचं बघायचं नाही.

वडिलांच्या कागदावर फी, एसटीचा पास, ड्रॉइंगचं साहित्य, पतसंस्थेचं व्याज, सगळं चोख होतं. सागरच्या कागदावर हे होतंच. त्याखाली 'दुकानातला सुटलेला रोज, 300' असं लिहून तीन वर्षांचा गुणाकार. आणि सगळ्यात खाली, 'दादांची जादा पाळी'. त्याच्यापुढे आकडा नव्हता.

वडिलांनी ते दोनदा वाचलं. "ह्ये कशाला लिवलंस?"

"तुम्ही ओव्हरटाइम घेणार की. ते फेडाय लागंल मला."

मोठी शांतता झाली. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवायचं असतं, आणि ते मला चांगलं जमतं. मला लख्ख दिसलं, की मुलगा कोर्सची तुलना करतच नव्हता. आयटीआय दोन वर्षांचा, डिप्लोमा तीन वर्षांचा. कर्ज लवकर फिटेल ते बरं, एवढंच त्याचं गणित. आणि वडिलांना खरं तर डिप्लोमाच हवा होता.

"फेडायचं कुणी सांगितलं तुला?" वडील शेवटी म्हणाले. "आडसाली ऊस लावला की लगेच बिल मागतो का आपण कारखान्याला? दीड वर्ष थांबतोच की."

"मग डिप्लोमाचं पहिलं बिल कधी धरायचं?" मी विचारलं. त्यांनी बोटं मोजली. "तीन वर्सं शिकायची, एक अप्रेंटिसशिपचं. पाचव्या वर्सापासनं."

इतकं ठरल्यावर मग आकडे. ते सगळ्याच पालकांसाठी लिहिते.

पहिल्या वर्षाच्या कमाईवर डिप्लोमा जोखू नका. 2019 च्या नियमांत शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन डिप्लोमावाल्याला महिना 8,000 आणि आयटीआयवाल्याला 7,000 धरलं होतं. एका हजारासाठी एक वर्ष जादा कोण घालवेल? डिप्लोमाचा उपयोग पुढे दिसतो: वीजकामाच्या पर्यवेक्षकाचा परवाना, कारखान्यात देखभाल विभागाची जबाबदारी, किंवा थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांचे पंप, साखर कारखान्यांचे सहवीजनिर्मिती प्रकल्प, ढालगावच्या पवनचक्क्या, आता छपरावरचं सोलर. आपल्या भागात या विद्येला काम आहे.

पण मुलाचा जीव खांबावरच्या कामात असेल, तर डिप्लोमाचा आग्रह मी धरत नाही. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा आयटीआय लागतो. त्या जागेसाठी नुसता तीन वर्षांचा डिप्लोमा चालत नाही, हे अनेकांना अर्ज भरताना कळतं. 2023-24 च्या भरतीत पहिली तीन वर्षं 15, 16 आणि 17 हजार असं ठोक मानधन होतं. शिवाय आयटीआयनंतर थेट दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमाला जाता येतं. तेव्हा 'आयटीआयला घातला म्हणजे वाया गेला' हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बोलणं कानाआड करा.

फीचंही तसंच. सागरच्या वडिलांनी एकाच कॉलेजात चौकशी केली होती. मिरज आणि कराडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथली फी खाजगीच्या मानाने फार कमी. खाजगीत गेलात तरी कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश असेल आणि कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून खुल्या गटालाही निम्मी शिक्षण फी मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर ती गेली. हा फरक कॉलेजचा माणूस आपण होऊन सांगत नाही.

आणि कुणीच न मोजणारा खर्च म्हणजे विषय राहून बुडालेलं वर्ष. तेवढ्या वर्षाची कमाईही जाते. गणिताची धास्ती असेल, तर पहिल्या सेमिस्टरलाच शिकवणी लावा.

सागरने विकल्प अर्जात मिरज वर टाकलं, कराड त्याखाली, खाजगी शेवटी. रविवारी दुकान चालू ठेवणार, म्हणाला. वडिलांनी परीक्षेच्या महिन्यात नाही, एवढी अट घातली. निघताना त्यांनी विचारलं, "उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढू?" मी म्हटलं, आजच. जूनमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते.