बेळगाव दिसतं, बेळगावी गायब

तुमच्या वेबसाइटच्या फॉर्ममध्ये गावं निवडायच्या मराठी यादीत, म्हणजे ड्रॉपडाउनमध्ये, निपाणी, चिकोडी दिसतात, हुक्केरी आणि संकेश्वरच्या जागी नुसती कोरी ओळ, आणि इंग्रजी यादी मात्र एकदम ठीक. तुमचं हे वर्णन वाचून पोटात गोळाच आला. काही वर्षांपूर्वी अशाच कोऱ्या ओळींनी माझे तीन आठवडे आणि एक दिवाळी खाल्ली.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. झालेला माणूस, बेळगावच्या टिळकवाडीत हिशेबाची कामं करतो, पीएचपी (वेबसाइट बनवायची भाषा) हौसेनं शिकलोय. तेव्हा माझं ऐका, पण आधी वेगळ्या कॉपीवर करून बघा.

फाँट, मेटा टॅग, कॅशे हे सगळं तुमचं बघून झालंच असेल. आता गावांची नावं मोजा. अक्षरं नव्हे, चिन्हं: काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं सुटं. निपाणी ६, चिकोडी ६. हुक्केरी ८, संकेश्वर ८. यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरमध्ये अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट (साठवणुकीचं एकक) खातं, म्हणजे निपाणी १८ आणि हुक्केरी २४. माझ्या कोडमध्ये नाव फार लांबू नये म्हणून सबस्ट्र (मजकुराचा तुकडा काढणारं पीएचपीचं फंक्शन) लावून २० वर तोडलं होतं. तुमच्याकडेही तसंच काहीतरी निघेल असं मला वाटतं. सबस्ट्र बाइट मोजतं. २० बाइटांत सहा चिन्हं पुरी बसतात आणि सातव्याचे ३ पैकी २ बाइट लोंबकळत राहतात. हे मोडकं नाव एचटीएमएलस्पेशलचार्सकडे (पानावर टाकण्याआधी मजकूर सुरक्षित करणारं फंक्शन) गेलं की जुन्या पीएचपीत ते ना एरर देतं ना तक्रार करतं, सरळ रिकामी स्ट्रिंग परत पाठवतं. इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट, म्हणून तिकडे कुणाला पत्ताच लागत नाही.

आमच्याकडे हे उघडं पडलं ते गावाच्या नावावरून. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण पतसंस्थेच्या सभासद फॉर्ममध्ये पुढेही बराच काळ बेळगावच होतं. ६ चिन्हं, छान दिसायचं. मग सरकारी कागदांशी जुळावं म्हणून कुणीतरी बेळगावी केलं, ७ झाली, आणि शहर यादीतून गायब! आता इथे नावावरून काय काय होतं ते मी सांगायला नको. एक संचालक म्हणाले, "मुद्दाम उडवलंय हो कुणीतरी." कन्नड यादी उघडून दाखवली, तिथेही बेळगावी कोरंच. कन्नडमध्येही ती ७ चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट. तेव्हा कुठे ते गप्प बसले.

मी काय केलं? होस्टिंगवाल्या कंपनीला विचारलं. (नाव घेत नाही, उगाच कशाला.) आधी म्हणाले फाँट नाही. सहा कॉम्प्युटरवर फाँट टाकले. मग म्हणाले, डेटाबेसमधला नावांचा कॉलम लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत) करा आणि परत यूटीएफ-८ करा, सगळं सुधारेल. हा उपाय वेगळ्या दुखण्याचा, आणि त्यातही मध्ये कॉलम ब्लॉब (नुसते कच्चे बाइट) करायची पायरी असते, ती त्यांनी सांगितलीच नाही. माझा डेटा तर मुळात धडधाकट होता! लॅटिन-१ मध्ये देवनागरी बसत नाही, स्ट्रिक्ट मोड (न बसणारा डेटा नाकारणारी डेटाबेसची सेटिंग) बंद होता, आणि सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन पडली. ती परत आणता येत नाहीत. बॅकअप? घेतला नव्हता, दोन मिनिटांचं काम म्हणून. अठराशेच्या आसपास सभासद, खातेवही मांडीवर घेऊन दिवाळीच्या सुट्टीत टाइप केले. घरचे अजून टोमणे मारतात.

कंट्रोल-यू दाबून पानाचा सोर्स (ब्राउझरकडे आलेला मूळ कोड) बघितला असता तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. ऑप्शनचा (यादीतल्या ओळीचा) आयडी जागेवर होता, मधला मजकूरच सर्व्हरनं पाठवला नव्हता. जे आलंच नाही ते फाँट काय दाखवणार! आयडी बरोबर असल्यानं फॉर्म मात्र बिनबोभाट चालायचा. आमच्या क्लार्कबाईंनी तर पाठच केलं होतं: कागवाडच्या खालची पहिली कोरी ओळ कित्तूर, दुसरी खानापूर.

उपाय म्हणजे सबस्ट्रच्या जागी एमबी_सबस्ट्र (बाइट नव्हे, चिन्हं मोजणारं), एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगून. पण माझं मत विचाराल तर तोडूच नका. एमबी_सबस्ट्र बाइट मोडत नाही, पण हुक्केरी चारवर तोडलं तर "हुक्" उरतं, ते काय दाखवायचं लोकांना? पूर्ण नाव पाठवा आणि रुंदी सीएसएसवर (पानाचं रूप ठरवणारी भाषा) सोडा.

जाता जाता: बटणाला पिक्सेलमध्ये उंची ठोकून दिली असेल तर काढा. इंग्रजीच्या मापानं दिलेल्या उंचीत आपले उकार आणि कन्नडची खाली लटकणारी जोडाक्षरं छाटली जातात. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ च्या आसपास ठेवली की मला तरी पुरते.

आणि तुमचं पीएचपी कुठलं आहे ते कळवा. ८.१ पासून एचटीएमएलस्पेशलचार्स आपणहून मोडक्या बाइटांच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह टाकतं, पूर्ण ओळ गिळत नाही. तुमच्याकडे ८.१ किंवा पुढचं असून ओळ कोरीच येत असेल, तर माझं निदान चुकलंय. मग यादी बनवणाऱ्या त्या चार ओळी इथे टाका, बघू.