दवाखान्यातल्या कचऱ्याचं काम घेऊन दार-ए-सलामला येण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळच्या सामायिक बायोमेडिकल वेस्ट केंद्रात बरीच वर्षं प्लांट सांभाळलाय, आता दार-ए-सलामला राहून टांझानिया, झांबिया आणि मादागास्कर या तीन देशांतल्या प्रकल्पाचं समन्वयकपद मिळतंय. करार दोन वर्षांचा, सोबत नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. घ्यावं का, आणि तयारी काय करावी?

मी मूळची मिरजेची. याच क्षेत्रातल्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलीच झाले. माझं मत आधी सांगून टाकते: जरूर या. पण सही करण्याआधी एक गोष्ट लेखी विचारून घ्या. प्रकल्प संपल्यावर ऑटोक्लेव्हची (दाबाखालच्या वाफेने कचरा निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) वीज, सुटे भाग आणि तो चालवणाऱ्या माणसाचा पगार कोणाच्या बजेटमधून जाणार? उत्तरात सरकारी खात्याचं नाव आणि लेखाशीर्ष (बजेटमधलं खर्चाचं खातं) असेल तर तुमचं निम्मं काम आधीच झालंय. ‘ते पुढे ठरेल’ असं उत्तर आलं, तर ते ठरवून घेणं हेच तुमचं पहिल्या वर्षाचं मुख्य काम, हे मनाशी पक्कं करून या. चांगली यंत्रं दोन-तीन वर्षांत ताडपत्रीखाली गेलेली मी पाहिली आहेत. एकही यंत्र वाईट नव्हतं. देणगीदाराचे पैसे थांबले आणि दवाखान्याच्या खर्चात त्यांच्यासाठी जागाच नव्हती.

आपल्याकडे बायोमेडिकल वेस्टच्या २०१६च्या नियमांनुसार ७५ किलोमीटरच्या आत सामायिक केंद्र असेल तर दवाखान्याने स्वतःचा प्लांट टाकायचा नाही. रोज गाडी येते, बारकोड लावलेल्या पिशव्या जातात. तुमची सगळी सवय त्या गाडीभोवती बांधलेली आहे. इथे बहुतेक ठिकाणी ती गाडीच नाही. दवाखाना आपला कचरा आपल्याच आवाराच्या मागे संपवतो: एक खड्डा, बाळंतपणाच्या विभागासाठी वार टाकायचा वेगळा झाकणबंद खड्डा, आणि विटांची एक छोटी भट्टी. या भट्ट्या मुख्यतः लसीकरणाच्या मोहिमांतून आल्या. सुया उघड्यावर पडू नयेत म्हणून त्या बांधल्या गेल्या आणि त्या काळी तो निर्णय समजण्यासारखा होता. पण अशा भट्टीत ८५० अंशांच्या वर तापमान टिकत नाही, धूर धुणारी यंत्रणा नसते आणि आत पीव्हीसी या क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या नळ्या जातात. क्लोरीन, अर्धवट ज्वलन आणि हळूहळू थंड होत जाणारा धूर एकत्र आले की डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होतं. २००४मध्ये अंमलात आलेला, टिकाऊ विषारी रसायनांवरचा स्टॉकहोम करार म्हणतो तो हाच विषय, आणि तुमच्या प्रकल्पाला पैसे मिळालेत ते बहुधा त्याच्याच नावाने.

तुमच्या आधी या वाटेवरून लोक गेलेले आहेत. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ ही संस्था यांनी जागतिक पर्यावरण निधीच्या पैशातून घाना, मादागास्कर, टांझानिया आणि झांबियात न जाळण्याच्या पद्धती आणि पारामुक्त उपकरणं आणली. त्याआधीच्या त्यांच्याच जागतिक प्रकल्पात भारतही होता, लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात काम झालं होतं. या प्रकल्पांचे अहवाल निघण्याआधी वाचून काढा. तुमच्या तीनही देशांतले कोणते दवाखाने यातून गेलेत ते कळेल, आणि तिथली जुनी यंत्रं आज चालू आहेत की बंद, हे पाहणं ही तुमची पहिली फेरी असू दे. मंत्रालय नंतर.

आता रंगांबद्दल, कारण इथे तुमचा हात सवयीने चुकू शकतो. आपल्याकडे लाल पिशवी म्हणजे नळ्या, सलाईनच्या बाटल्या, सुई काढलेल्या सिरिंज. म्हणजे निर्जंतुक करून पुनर्प्रक्रियेला जाणारं प्लास्टिक. पूर्व आफ्रिकेत लाल म्हणजे सगळ्यात धोकादायक, शरीराचे भाग वगैरे. पिवळा म्हणजे संसर्गजन्य. काळा किंवा निळा म्हणजे साधा. भारतातली पोस्टर्स भाषांतर करून भिंतीवर लावलीत तर लोक शेजारच्या भट्टीत नको ते टाकतील. प्रत्येक देशाची मार्गदर्शक पुस्तिका आणि त्या-त्या वॉर्डात प्रत्यक्ष कुठल्या रंगाच्या पिशव्या मिळतात, दोन्ही बघा. साठ्यात पिवळ्या पिशव्या संपल्या की सिस्टर हाताला येईल ती वापरतात, आणि त्यात त्यांचा काडीचा दोष नाही.

वर्गीकरण वॉर्डातच व्हायला हवं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दवाखान्यातला साधारण ८५ टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच असतो, उरलेला १५ टक्के वेगळा राहिला नाही की सगळाच ढीग धोकादायक होतो. तरी एक दृश्य सांगते, कारण प्रशिक्षणाच्या स्लाइडवर ते दिसत नाही. एका जिल्हा रुग्णालयात इंजेक्शनच्या खोलीत वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा पुठ्ठ्याचा सेफ्टी बॉक्स होता. त्यावर तीन-चतुर्थांशाची रेघ असते, तिथपर्यंत भरला की बंद करायचा. हा गळ्यापर्यंत भरलेला, वरून दोन सिरिंज उभ्या. नवा बॉक्स स्टोअरमध्ये होता, पण स्टोअरकीपरची सही लागायची आणि ते दुपारनंतर भेटायचे. सफाईच्या मावशींनी तो बॉक्स छातीशी धरून भट्टीपर्यंत नेला. पायात रबरी चप्पल, हातात तपासणीचे पातळ ग्लोव्ह्ज. संसर्ग असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर हेपॅटायटिस बीचा धोका ३० टक्क्यांपर्यंत, हेपॅटायटिस सीचा १.८ आणि एचआयव्हीचा ०.३ टक्का, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या मावशींना हेपॅटायटिस बीची लस दिलेली नव्हती. म्हणून माझा आग्रह आहे: प्रकल्पाच्या पहिल्या खरेदीत लस, जाड हातमोजे आणि बूट घाला, ऑटोक्लेव्हची निविदा त्यानंतर. आणि स्टोअरच्या सहीचा नियम बदलून घ्या. तो एक कागद बदलायला पैसे लागत नाहीत, पण मेट्रन (मुख्य परिचारिका), स्टोअरकीपर आणि वैद्यकीय अधीक्षक तिघांना एका खोलीत बसवावं लागतं. समन्वय म्हणजे मुख्यतः हेच.

यंत्रांचं म्हणाल तर वीज आणि पाणी बघूनच निवडा. २०२४च्या दुष्काळात झांबियाला वीज देणाऱ्या करिबा धरणाचं पाणी खाली गेलं आणि झांबियात दिवसाचा बहुतेक वेळ वीज नसायची. ऑटोक्लेव्हची १३४ अंशांवर चाललेली सायकल, म्हणजे निर्जंतुकीकरणाची फेरी, मध्येच तुटली की पहिल्यापासून सुरू करावी लागते. दिवसभर असंच झालं तर संध्याकाळी कचरा जाळला जातो. जनरेटरचं डिझेल कोण भरणार, हा प्रश्न पुन्हा त्या लेखाशीर्षाकडेच नेतो. पाणी जड असेल तर क्षार काढायची सोय हवी, नाहीतर हीटर लवकर जातो. दरवाज्याचं गॅस्केट परदेशातून मागवावं लागणार असेल तर दोन जास्तीची खरेदीतच घ्या. दार-ए-सलाम विद्यापीठाच्या अभियंत्यांनी इथल्याच साहित्यातून, इथेच दुरुस्त करता येईल असा ऑटोक्लेव्ह घडवला होता, तो वेळ काढून बघा. दिसायला आयात यंत्राइतका देखणा नाही, पण माझ्या मते जिल्ह्याच्या पातळीवर तोच विचार बरोबर आहे. एक मात्र सोडू नका: पिशवीवर लावलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपवर पट्टे काळे झाले म्हणजे निर्जंतुक झालं, एवढ्यावर कोणालाही थांबू देऊ नका. जिवाणूंच्या बीजाणूंची कुपी आत ठेवून चाचणी ठरावीक दिवशी व्हायलाच हवी, आणि त्याचं लॉगबुक तुम्ही स्वतः उघडून बघा.

झांबियाला समुद्र नाही, त्यामुळे लुसाकाचा माल बऱ्याचदा दार-ए-सलामच्याच बंदरात उतरतो आणि टांझानिया-झांबिया सीमेवरच्या तुंडुमाला ट्रकच्या रांगेत उभा राहतो. करमाफीची पत्रं जहाज निघण्याआधी हातात हवीत. मादागास्करमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम, त्या काळात जिल्ह्यांत बसवणी ठेवू नका. तिथला सगळा कागद फ्रेंचमध्ये लागतो. भाषांतराचे पैसे बजेटमध्ये नसतील तर आत्ताच मागा.

पाऱ्याची बाजू लोक हलक्यात घेतात. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराने पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाबाची यंत्रं बनवणं, त्यांची आयात-निर्यात करणं २०२०नंतर थांबवलं. डिजिटल उपकरणं वाटणं सोपं आहे, जुनी गोळा केल्यावर ठेवायची कुठे हा खरा पेच. थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम पारा, पण रक्तदाबाच्या एका यंत्रात ऐंशी-शंभर ग्रॅम. देशाबाहेर पाठवायचं तर घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावरच्या बाझल कराराप्रमाणे वाटेतल्या प्रत्येक देशाची संमती हवी. साठवणीची कुलूपबंद, हवेशीर खोली आणि तिची जबाबदारी घेणारा माणूस ठरल्याशिवाय गोळा करायला सुरुवात करू नका.

रोजच्या कामातल्या काही गोष्टी. आरोग्य मंत्रालय राजधानी डोडोमाला आहे, दारमध्ये बसून मंजुऱ्या मिळत नाहीत. २०२४पासून दार ते डोडोमा विजेवरची नवी रेल्वे सुरू झाल्याने हे पुष्कळ सुसह्य झालंय. स्वाहिली वेळ सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे कोणी स्वाहिलीत ‘तीन वाजता’ म्हणालं तर ते सकाळचे नऊ. बैठकीची वेळ नेहमी दोन्ही पद्धतींनी पक्की करा. स्वाहिली शिकाच. अधिकाऱ्यांशी इंग्रजी चालतं, पण भट्टीजवळच्या माणसाशी नाही, आणि तुम्हाला खरी माहिती त्याच्याकडूनच मिळणार आहे. तिन्ही देशांतल्या लोकांना एकमेकांचे दवाखाने प्रत्यक्ष दाखवा. लुसाकाच्या सिस्टरांनी दारच्या सिस्टरांचं ऐकलं तेवढं माझं कधी कोणी ऐकलं नाही.

घरचं थोडं. संस्था संयुक्त राष्ट्रांची नसेल तर तुम्हाला वर्क परमिट आणि ‘बी’ वर्गाचा निवास परवाना दोन्ही लागतील. परवाना एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांचा. डिपेन्डन्ट पासवर नवऱ्याला इथे नोकरी करता येत नाही, हे घरी आधी नीट बोला. अनेक संसारांत पहिल्या वर्षी ताण येतो तो यामुळेच. घरभाडं सहा महिन्यांचं, कधी वर्षाचं आगाऊ मागतात, म्हणून स्थलांतराची रक्कम पगाराआधी द्यायला सांगा. मुलीच्या शाळेत भारतीय, ब्रिटिश आणि स्थानिक वर्षं वेगवेगळ्या महिन्यांत सुरू होतात, त्याप्रमाणे येण्याची तारीख ठरवा. खाण्याची काळजी नको: तूर इथे पिकते आणि भारतात जाते, ज्वारी ‘म्टामा’ या नावाने मिळते, भाकरी उत्तम होते. मराठी कुटुंबं गणपतीला एकत्र येतात, एकटं वाटणार नाही. सामान भरताना प्लास्टिकच्या कॅरीबॅग घेऊ नका, २०१९पासून इथे बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात.

लसींचं तेवढं आजच बघा. तुमचे हेपॅटायटिस बीचे डोस प्लांटमध्ये झाले असतील, तरी ॲन्टिबॉडी तपासून घ्या. फेऱ्या करताना विमान बऱ्याचदा नैरोबी किंवा अदिस अबाबाला बदलावं लागतं आणि केनिया, इथिओपिया हे दोन्ही भारताच्या यलो फीव्हरच्या (डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराच्या) यादीत आहेत, म्हणजे तिथून येणाऱ्यांकडे लसीचं प्रमाणपत्र मागतात. प्रमाणपत्र नसेल तर सुट्टीला घरी उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा तिघांचीही वेळ निघण्याच्या महिनाभर आधी घेऊन ठेवा. ऑफर लेटर आलं की त्यातला खर्चाचा आणि प्रकल्पोत्तर जबाबदारीचा भाग मला पाठवा, मी वाचून काय मागायचं ते लिहून कळवते.