पट्टा काळा झाला म्हणजे नेमकं काय झालं?

सुट्ट्या लागल्या की दारात क्लासवाल्यांची पत्रकं पडायला लागतात आणि मग आमच्याकडे पत्रं. या वेळी बरीचशी मार्शल आर्ट्सबद्दलच होती, त्यातली सहा घेतलीयेत. आधीच सांगून ठेवतो, मी लहानपणी तालमीत माती खाल्ली, नंतर बरीच वर्षं जुडो केला आणि कराटे फक्त वर्षभर, तेव्हा माझं झुकतं माप कुठं आहे ते ओळखून वाचा.

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची आहे. घराजवळ कराटे आणि तायक्वांदो आहे, जुडो जरा लांब. कराटेचे सर म्हणतात दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची गॅरंटी, दर तीन महिन्यांनी परीक्षा, तिची फी वेगळी. कुठं घालू? — एक आई, नाशिक

ताई, गॅरंटी फ्रिजला असते, बेल्टला नसते.

पट्ट्यांची गंमत सांगतो. जिगोरो कानो या माणसानं 1882 मध्ये टोकियोत एका देवळात बारा चटयांच्या जागेत जुडोची शाळा काढली, कोदोकान, सुरुवातीला पोरं नऊच. वरच्या पायऱ्या चढलेल्यांना काळा पट्टा ही पद्धत त्याचीच, 1880 च्या दशकातली. आपल्याकडे दिसतात ते पिवळा-केशरी-हिरवा-निळा मात्र नंतर युरोपातल्या क्लासांमधून पसरले, कारण तिथल्या लोकांना आपण पुढं सरकतोय हे कंबरेवर दिसायला हवं होतं, आणि कराटेनं पट्टा उचलला तोही जुडोकडूनच. पहिल्या काळ्या पट्ट्याला जपानीत शोदान म्हणतात, त्यातला शो म्हणजे सुरुवात. थोडक्यात बाराखडी पाठ झाली, आता वाचायला बस. दोन वर्षांत नऊ वर्षांच्या पोरीला ते मिळालं तर तिचं काही वाईट होणार नाही, पण तुम्ही पैसे कशाचे भरताय ते लक्षात असू द्या.

तिन्हींतला फरक मोठा आहे पण नऊ वर्षांच्या मुलीसाठी फार मोठा नाही. कराटेत हात-पाय दोन्ही, तायक्वांदोत पायावर भर (ऑलिम्पिकमध्ये 2000 पासून पदकं आहेत, त्यामुळे स्पर्धेचा रस्ता मोकळा), जुडोत धरायचं आणि पाडायचं. आणि कराटे म्हणजे मोठ्यांचं काहीतरी पातळ करून पोरांना देतात असं अजिबात समजू नका. बऱ्याच क्लासमध्ये सुरुवातीला शिकवतात त्या हेआन काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली, ओकिनावा या जपानी बेटावरच्या इतोसू अंको यांनी शाळेतल्या मुलांसाठीच बसवल्या होत्या, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला.

मी स्वतः जुडोकडे ढकलेन, कारण तिथं पहिले काही आठवडे नुसतं पडायला शिकवतात. उकेमी म्हणतात त्याला, हनुवटी छातीला, हात सपकन चटईवर, डोकं आपटू द्यायचं नाही. इतक्या वर्षांत माझ्यावर रस्त्यात कोणी हल्ला केला नाही पण पावसाळ्यात गाडीवरून दोनदा सटकलो आणि दोन्ही वेळा शर्ट फाटण्यापलीकडे काही झालं नाही, तर माझ्या आयुष्यात कामाला आलेली मार्शल आर्ट म्हणजे पडणं.

पण क्लास लांब असेल, रोज रिक्षा करावी लागणार असेल, तर जवळचाच घ्या. त्याआधी एक पूर्ण तास कोपऱ्यात बसून बघा. पोरं एकमेकांबरोबर काही करतायत का फक्त रांगेत उभं राहून हवेत ठोसे मारतायत, एखादं रडलं तर सर काय करतात, लागलं तर बर्फ आहे का. आणि पालकांना आत बसायला बंदी असेल तर चप्पल घाला आणि घरी या, मुलगी असो की मुलगा.

प्रश्न: वय 27, हिंजवडीत आयटीत आहे. एमएमए (सगळ्या कला एकत्र चालतात त्या लढती) खूप बघतो. मित्र म्हणतो कराटे-बिराटे सगळा डान्स आहे, खरं फक्त जिउजित्सू आणि मुए थाय (थायलंडचं बॉक्सिंग). एवढं सरळ आहे का हे?

भावा, मित्र अर्धा बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा कळायला परत कानोकडे जावं लागतं, सॉरी.

कानो अंगानं लहान, शाळेत मार खाणारा पोरगा होता, म्हणून जुजुत्सू, ही जुनी जपानी झटापटीची कला, शिकला. जुन्या जुजुत्सूत डोळ्यात बोटं, सांधे मोडणं, लाथा, सगळं होतं. आता असले डाव जोडीदारावर पूर्ण जोरात रोज करून बघता येत नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी जोडीदारच उरणार नाही, त्यामुळे जुन्या शाळांत बरंचसं ठरलेल्या क्रमानं चालायचं, तू असा हात घाल मी असा पिळतो. कानोनं धोकादायक डाव कातामध्ये, म्हणजे ठरवून केलेल्या सरावात, बाजूला ठेवले आणि जे उरलं ते दोघांनी जीव तोडून एकमेकांवर करायचं, त्याला रांदोरी म्हणतात. आणि इथंच गंमत झाली, ज्यांच्याकडे कमी घातक डाव होते ती पोरं टोकियो पोलिसांच्या लढतींमध्ये जुन्या शाळांच्या लोकांना पाडायला लागली. कारण त्यांना रोज खराखुरा नाही म्हणणारा माणूस समोर मिळत होता.

पुढचं तुला माहितीच असेल. कोदोकानचा मित्सुयो माएदा ब्राझीलला गेला, त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकला, त्या घरानं जमिनीवरच्या झटापटीवर भर दिला, तेच तुझ्या मित्राचं जिउजित्सू, आणि 1993 मध्ये डेन्व्हरला पहिल्या यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या स्पर्धेत, हॉइस ग्रेसीनं एका रात्रीत तीन जणांना हार मानायला लावली, आणि तो काही तिथला दांडगा माणूस नव्हता. तेव्हापासून जिउजित्सूचं नाव झालं. बरोबरच झालं. पण जिंकलं काय ते बघ. ब्राझीलच्या मातीत काही जादू नव्हती, रोज विरोध करणाऱ्या माणसाबरोबर सराव होता. मुए थायमध्ये तोच आहे, बॉक्सिंगमध्ये आहे, आणि आपल्या तालमीत तर शेकडो वर्षं आहे, तिथं हवेत धोबीपछाड मारणारा पैलवान तू बघितलायस का कधी?

खाशाबा जाधवांचं बघ. कराडजवळच्या गोळेश्वरचे, मातीतले. 1948 ला ऑलिम्पिकसाठी लंडनला गेले तेव्हा मॅट नवी, नियम नवे, तरी सहावे आले. आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. नियम बदलले पण तोल घेणं आणि पट काढणं शरीरात होतं.

आता उरलेला अर्धा. कराटे हे एक नाव आहे, त्याखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी आहेत. मास ओयामांचं क्योकुशिन घे, तिथं छातीवर-मांडीवर पूर्ण ताकदीनं मारतात, चेहऱ्यावर फक्त हाताचे ठोसे बंद, त्याला डान्स म्हणून दाखव तिथं जाऊन. उलट जिउजित्सूचे पण असे क्लास आलेत जिथं महिनोन् महिने नुसते डाव पाठ करून घेतात आणि कोणी कोणाला विरोधच करत नाही, तो डान्सच झाला, वाईट संगीतावरचा. त्यामुळे नाव बघू नको, आठवड्यातून किती वेळा खडाखडी होते ते विचार.

आणि तुझ्या मनात रस्त्यावरची मारामारी असेल तर चाकूवाल्याला मोबाईल द्यायचा आणि पळायचं, ही माझी एकमेव स्टाइल आहे तिथली.

प्रश्न: आणि मग आयकिदो? त्यात तर कोणी विरोधच करत नाही. — एक वाचक, ठाणे

बहुतेक आयकिदोत स्पर्धा नाहीत हे खरं, ही जपानी कला काढणाऱ्या मोरिहेई उएशिबांना त्या नकोच होत्या. गंमत म्हणजे खुद्द कानोनं आपली काही पोरं उएशिबांकडे शिकायला पाठवली होती, आणि जुडोतूनच आलेल्या तोमिकीनं नंतर आयकिदोत पण रांदोरी आणली. मी आयकिदोवाल्यांना हसायचो, मग एकदा साठीच्या एका बाईंनी मनगट धरून मला हळूच गुडघ्यावर बसवलं. मी नाही म्हणत होतो का? म्हणत होतो. जोरात? तेवढं काय जोरात नव्हतो. भांडण जिंकायला जाऊ नका, तोल आणि अंतर समजायला खुशाल जा.

प्रश्न: बोधिधर्म नावाच्या भारतीय भिक्खूनं चीनला जाऊन शाओलिनमध्ये कुंग फू शिकवलं, म्हणजे हे सगळं मूळ आपलंच, असं व्हॉट्सॅपवर फिरतंय. मग पोरांना जपानी-कोरियन कशाला? — एक आजोबा, सांगली

काका, मलाही ही गोष्ट लई वर्षं खरी वाटायची, तालमीत वस्तादांनी सांगितलेली. पण बोधिधर्माचा आणि व्यायाम-युद्धकलेचा संबंध जोडणारं पुस्तक, यीजिन जिंग, सतराव्या शतकातलं आहे, म्हणजे बोधिधर्माच्या हजारेक वर्षांनंतरचं. चीनच्याच तांग हाओ या अभ्यासकानं 1930 च्या दशकात ही गोष्ट खोडून काढली. शाओलिनच्या भिक्खूंनी लढाईत भाग घेतल्याचा आठव्या शतकातला शिलालेख आहे, त्यात 621 च्या लढाईचा उल्लेख येतो, पण बोधिधर्मानं लढायला शिकवलं असं काही त्यात नाही. मिंग काळात शाओलिनचं नाव होतं ते काठीसाठी, आणि काठी म्हणाल तर माणूस जिथं गुरं राखायला गेला तिथं तिथं त्यानं ती फिरवलीच असणार, त्याला कोणी परदेशातून शिकवायला यायला लागत नाही.

आपल्याकडचं कमी आहे म्हणून सांगत नाहीये. केरळचं कळरीपयट्टू बघा, आधी शरीर तयार करायचं, मग लाकडी हत्यारं, मग लोखंडी, आणि मोकळ्या हाताचं सगळ्यात शेवटी, म्हणजे कराटेच्या बरोब्बर उलट. असं का, तर हत्यार हातात असताना अंतर चुकलं की कळतं, मग हात मोकळा झाला तरी ते डोक्यात राहतं. वडकराच्या मीनाक्षी अम्मांना सत्तरी ओलांडल्यावर 2017 मध्ये पद्मश्री मिळाली, अजून साडी खोचून तलवार घेतात त्यांचे व्हिडिओ नातवंडांना दाखवा. आणि आपला कोल्हापूरचा मर्दानी खेळ, लाठी-बोथाटी, विटा, फरीगदगा, दांडपट्टा. दांडपट्ट्यात मनगट लोखंडी खोबळ्यात अडकलेलं, ते वळतच नाही, म्हणून वार खांद्यातून आणि कंबरेतून काढावा लागतो, पोराला आठ दिवस दिला तरी चालणं सुधारतं.

फक्त एक अडचण आहे काका, खरं बोलतो. मर्दानी खेळ आता बराचसा मिरवणुकीत दाखवायचा खेळ झालाय, दोघं समोरासमोर मोकळेपणानं खेळतायत असं कमी दिसतं. विरोध करणारा माणूस पाहिजे असेल तर आपल्याकडे कुस्तीच. आणि पोरगा जुडोला गेला तर तो परका होत नाही, माझे वस्ताद म्हणायचे जोराला जोर लावू नकोस, त्याचाच जोर त्याला घाल, आणि कानो हेच गणितात सांगायचा. समोरच्याची ताकद दहा, तुझी सात, अडवलंस तर हरलास. तो ढकलतोय तसा मागं झालास तर त्याचा तोल जातो, आता त्याची ताकद तीनच उरली आणि तुझी सातच्या सात शाबूत. वस्तादांनी कानोचं नावसुद्धा ऐकलं नसणार.

प्रश्न: मुलगा 14 वर्षांचा, खूप रागीट, शाळेत दोनदा मारामारी. कराटेला घातलं तर अजून बिघडेल का? — एक बाबा, मडगाव

दादा, दोन्ही होऊ शकतं, सरांवर आहे. फुनाकोशी, ज्यांनी 1922 मध्ये ओकिनावाचं कराटे टोकियोत नेऊन दाखवलं, ते पेशानं शाळामास्तर, त्यांचं सूत्र होतं की कराटेत पहिला वार नसतो. भिंतीवर ते सगळेच लिहितात. पण मी वर्षभर गेलो त्या क्लासमध्ये सर चुकलेल्या पोराला सगळ्यांसमोर मोठ्या पोराकडून ठोकून घ्यायचे, आणि तिथून बाहेर पडलेली पोरं शाळेत तेच करायची.

रागीट पोराला मी धरायचा खेळ देईन, जुडो किंवा कुस्ती. ठोसा मारून लांब होता येतं, इथं ज्याला पाडलं त्याच्याच अंगावर तुम्ही पडलेले असता, त्याचा श्वास कानात ऐकू येतो, आणि दोन मिनिटांनी तोच तुम्हाला पाडतो. रोज दहा-बारा वेळा पाडून घेतलं की मधल्या सुट्टीत कोणी काही बोललं तर तेवढं लागत नाही, निदान माझं तसं झालं. सहा महिने द्या, दुसऱ्या महिन्यात सोडतो म्हणेल, ऐकू नका.

1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये डच आंतोन गेसिंकनं जपानच्याच कामिनागाला जपान्यांच्या घरच्या खेळात हरवलं, सगळं सभागृह सुन्न, आणि त्याचे लोक आनंदानं चटईवर धावायला लागले. तर यानं कामिनागा अजून खाली असतानाच हात वर करून त्यांना थांबवलं. आधी नमस्कार, मग काय तो जल्लोष. याचा व्हिडिओ मुलाला दाखवा, काही बोलू मात्र नका बरोबर, या वयात बोललं की संपलं.

प्रश्न: पैलवानांचे कान असे चेपलेले का असतात? — इयत्ता सहावी, बार्शी

घासून घासून. कानाची कातडी आणि आतली कूर्चा (मऊ हाड) यांच्यामध्ये रक्त साठतं, लगेच डॉक्टरकडून काढलं नाही तर ते तिथंच घट्ट होतं आणि कानाची भजी होते. माझा डावा तसा आहे. इअरफोन बसत नाही त्यात.