दोन फुटी टँकला फिल्टर कुठला आणि कसा लावायचा?

तुम्ही खानापूरहून विचारलंय: टँक दोन फुटी आहे, फिल्टर रात्री बंद ठेवता, दर रविवारी नळाखाली स्वच्छ धुता, तरी पाणी दुधाळ होतं आणि मासे दगावतात, मग फिल्टर बदलू का? बदलायचा तर बदला, पण आधी तो बंद करणं आणि नळाखाली धुणं आजपासून सोडा. मासे त्यानेच मरताहेत, याची मला जवळजवळ खात्री आहे.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. डोळ्यांना तो दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजात हळूहळू जिवाणू वस्ती करतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशांना विष. नायट्रेट मात्र पाणी बदलून आटोक्यात राहतं. ही वस्ती जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. रात्रभर फिल्टर बंद राहिला की स्पंजातला ऑक्सिजन संपून जिवाणू मरू लागतात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरिन उरलेल्यांना मारतं. म्हणजे दर रविवारी तुमचा टँक पुन्हा नवा होतो.

नवा घ्यायचाच तर साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप घ्या. तुमच्याकडे पावसाळ्यात करंट किती वेळ जातो ते तुम्हाला माहीतच आहे. स्पंज फिल्टर बॅटरीच्या पंपावरही चालतो. पॉवर फिल्टरला, म्हणजे मोटरने पाणी ओढणाऱ्या फिल्टरला, ती सोय नाही, शिवाय त्यात गप्पीची पिल्लं ओढली जातात. तरी तोच हवा असेल तर तुमच्या टँकमध्ये पन्नासेक लिटर पाणी बसतं, तेव्हा ताशी २०० ते २५० लिटरचा पुरे. गोल्डफिश असतील तर थोडा मोठा, ते घाण फार करतात.

लावताना स्पंज पाण्याखाली धरून दाबत राहा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. नाहीतर तो तरंगतच राहतो. मग कोपऱ्यात उभा करा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. खाली ठेवलात आणि करंट गेला, तर टँकचं पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.

बुडबुड्यांचा जोर कमी झाला की स्पंज धुवा, तोही टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. दोन-तीनदा पिळला की चहासारखं तपकिरी पाणी निघतं, तेवढं बास. पांढराशुभ्र करत बसू नका.

आता लगेच काय? दोन दिवस खाणं बंद. रोज पाव टँक पाणी बदला, पण टँक पूर्ण रिकामा करू नका. नळाचं पाणी असेल तर अँटीक्लोरिन घाला. विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर त्यात सहसा क्लोरिन नसतं, पण बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असू शकतो, म्हणून बादलीत रात्रभर हवा सोडून मग वापरा.

ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याचा स्पंज आपल्या टँकमध्ये पिळून घ्या, जिवाणू आयते मिळतात. बेळगावला येणं होत असेल तर कळवा, माझ्या स्पंजाचा एक तुकडा देईन. पिशवीत टँकचंच पाणी घालून न्यायचा आणि घरी पोचल्या पोचल्या टँकमध्ये सोडायचा.