प्री-मेडसाठी रटगर्स की एनवाययू?

न्यू जर्सीत राहता आणि मुलीला रटगर्स (न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ) आणि एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) अशा दोन्हीकडे प्रवेश मिळालाय, तर मी सरळ रटगर्स म्हणेन. प्री-मेड ही काही डिग्री नव्हे, बॅचलर्स करताना केलेली मेडिकल स्कूलची तयारी आहे. मेडिकल स्कूलवाले आधी जीपीए (कॉलेजमधल्या ग्रेड्सची सरासरी) आणि एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेचा ५२८ पैकी स्कोअर बघतात, कॉलेजचं नाव नंतर. ऑरगॅनिक केमिस्ट्री दोन्हीकडे तेवढाच घाम काढते! न्यू ब्रन्सविकचं रॉबर्ट वूड जॉन्सन हॉस्पिटल रटगर्सच्या कॉलेज ॲव्हेन्यू कॅम्पसवरून चालत जाण्यासारखं आहे, व्हॉलंटिअरिंगला बरं पडतं. एनवाययूचं मेडिकल स्कूल २०१८ पासून ट्यूशन-फ्री आहे खरं, पण ती सवलत बॅचलर्सला नाही. एनवाययूने घसघशीत आर्थिक मदत दिली असेल, तर मात्र दोन्ही ऑफर शेजारी ठेवून चार वर्षांचा हिशोब मांडा. पुढे मेडिकलची आणखी चार वर्षं आहेतच.