व्हिडिओ गेम उद्योगात सगळीकडे नोकरकपात का सुरू आहे? एआयमुळे का?

या कपातीचे मूळ एआयमध्ये नसून, करोनाकाळातील तेजी टिकेल असे गृहीत धरून कंपन्यांनी केलेल्या वारेमाप भरतीत आणि स्वस्त भांडवलावर केलेल्या खरेद्यांत आहे. २०२२ पासून मागणी ओसरली आणि व्याजदर चढले. मोठा गेम तयार व्हायला मात्र पाच-सहा वर्षे लागतात आणि तोवर शेकडो जणांचे पगार उत्पन्नाविना चालू ठेवावे लागतात. कंपन्यांच्या जाहीर निवेदनांतही हेच दिसते: सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे ८३० जणांना कमी करताना एपिक गेम्सने मिळकतीपेक्षा खर्च जास्त होत असल्याचे मान्य केले, तर दोन अब्ज डॉलरचा अपेक्षित करार फिसकटल्यावर एम्ब्रेसर समूहाने तीस वर्षांचा व्होलिशन स्टुडिओच बंद केला. तथापि प्रत्येक कपातीमागे तोटाच असतो असे नाही. अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरना विकत घेतल्यावर साधारण तीन महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने गेम विभागातील १,९०० पदे रद्द केली. आणि ‘हाय-फाय रश’सारखा नावाजलेला गेम देणारा आपला टँगो गेमवर्क्स स्टुडिओ त्याच वर्षी मे महिन्यात बंद करण्याचे जाहीर केले, हे तर केवळ आर्थिक नाइलाज म्हणून पटण्यासारखे नाही.