ईगलमधली जुनी बोर्डं कीकॅडमध्ये आणताना

प्रश्न : माझी सर्किट बोर्डांची सगळी डिझाइन्स ईगल या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ७ जून २०२६ नंतर ईगल बंद, असं ते बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने २०२३ मध्येच जाहीर केलंय. कीकॅड या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइली जशाच्या तशा येतील का?

उत्तर : येतील, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ईगल ६ पासून फाइल एक्सएमएलमध्ये (मजकुराच्या स्वरूपात) असते, ती कीकॅड थेट वाचतं. त्याआधीच्या फाइली असतील, तर ईगल चालतंय तोवर नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह करा. हे काम आजच उरका. स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) आणि बोर्ड सुटं आणू नका, पूर्ण प्रोजेक्टच इम्पोर्ट करा.

मी इम्पोर्ट झाल्याबरोबर ‘बी’ दाबून तांब्याचे झोन (बोर्डावरचे तांब्याने भरायचे भाग) पुन्हा भरतो, मग डीआरसी (डिझाइनच्या नियमांची आपोआप तपासणी) चालवतो. क्लिअरन्सचे (तांब्याच्या दोन भागांत किती अंतर हवं याचे) नियम मात्र स्वतः तपासायचे. खरी परीक्षा गर्बरची, म्हणजे बोर्ड बनवायला कारखान्याकडे पाठवायच्या फाइलींची! दोन्हीकडून गर्बर काढा, व्ह्यूअरमध्ये एकावर एक ठेवा आणि ग्राउंडच्या पॅडवर झूम करा. थर्मल रिलीफच्या, म्हणजे पॅडला भोवतालच्या तांब्याशी जोडणाऱ्या, त्या बारीक पट्ट्यांची रुंदी किंवा संख्या बदललेली असू शकते, आणि सोल्डरिंगला ते लगेच जाणवतं.

हातात ऑर्डर असलेलं बोर्ड शक्यतो हलवू नका, ते ईगलमध्येच पूर्ण करा.